शालेय ग्रंथालयावरच्या संशोधनाला अनुदान : बडोद्यातून प्रस्ताव कसा करावा

शाळेला पुस्तकं घ्यायला पैसे मिळतात. समग्र शिक्षा योजनेत २०१८-१९ पासून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद आहे. रक्कम शाळेच्या स्तरावर ठरते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय प्रत्येक शाळेत हवं असं लिहिलेलं आहे. पण ती पुस्तकं कपाटाबाहेर येतात का, कुणाच्या हाती पडतात, त्यानं मुलाच्या वाचनात काय फरक पडतो, हे तपासायला लागणारा पैसा वेगळा मागावा लागतो. ‘शालेय ग्रंथालय संशोधन’ अशा नावाची योजना शोधत बसलात तर वर्ष जाईल. हा पैसा शालेय शिक्षण, समाजविज्ञान किंवा सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा खर्च) या नावांखाली असतो आणि आपला प्रश्न त्या भाषेत मांडता आला तरच हाती लागतो.

आधी प्रश्न लहान करा

‘बडोद्यातील शालेय ग्रंथालयांची स्थिती व समस्या’ या शीर्षकाचा प्रस्ताव परीक्षक पहिल्या पानावरच बाजूला ठेवतो. त्यात विषय आहे, पण प्रश्न नाही. त्याऐवजी असं विचारा : आठवड्याला एक ठरलेला वाचन-तास ठेवला आणि पुस्तक घरी न्यायला दिलं, तर पाचवी-सहावीतल्या मुलांची पुस्तकांची देवघेव किती वाढते? किंवा : घरी मराठी बोलणारं, गुजराती माध्यमात शिकणारं मूल कपाटात मराठी पुस्तकं ठेवली तर ती उचलतं का? दुसरा प्रश्न बडोद्यासारख्या शहरातच नीट तपासता येतो. इथे मराठी घरातली पुष्कळ मुलं शाळेत गुजराती वाचतात आणि देवनागरी त्यांना हिंदीच्या तासामुळे ओळखीची असते.

बडोदेकरांना आणखी एक सांगायला हवं. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं, १९१० साली अमेरिकेहून विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन यांना ग्रंथालयं उभारायला बोलावलं, लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालयं गावोगाव गेली. हा वारसा खरा आहे आणि मोठा आहे. पण प्रस्तावात त्याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नका. त्या काळची दफ्तरं वाचून आजच्याशी तुलना करणार असाल तर गोष्ट वेगळी. मग तो इतिहास तुमची सामग्री होते. तसं असल्यास मोडी वाचणारा माणूस आणि त्याचं मानधन अंदाजपत्रकात दाखवा.

तयार आकडे आधी गोळा करा. यूडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर, प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो आणि ग्रंथालय आहे का, पुस्तकं किती, याची माहिती शाळेनं भरलेली असते. ‘असर’च्या, म्हणजे ‘प्रथम’ संस्थेच्या शैक्षणिक स्थितीच्या, ग्रामीण पाहणीत भेटीच्या दिवशी मुलं पुस्तकं वापरताना दिसली का, याचीही नोंद होते. या दोन आकड्यांमधलं अंतर, म्हणजे पुस्तकं ‘आहेत’ आणि ‘वापरात आहेत’ यांच्यातली दरी, हाच तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद. फक्त एक लक्षात असू द्या, ‘असर’ ग्रामीण भागाची आहे. शहरातल्या शाळांबद्दल तिच्यावरून निष्कर्ष काढलात तर परीक्षक तिथेच खूण करतो.

पैसा कुठे मागायचा

सगळ्यात जवळचं दार एनसीईआरटीच्या (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) शैक्षणिक संशोधन व नवोपक्रम समितीचं, म्हणजे ‘एरिक’चं. ती शालेय शिक्षणावरच्या संशोधनालाच पैसे देते, त्यामुळे ग्रंथालयाचा विषय तिथे परका वाटत नाही. मात्र प्रस्तावाचा भर वर्गातल्या शिकण्यावर हवा. पुस्तकांचं वर्गीकरण, संगणकीकरण, बारकोड यावर भर दिलात तर तो ग्रंथालयशास्त्राचा प्रकल्प ठरतो आणि मागे पडतो.

दुसरं दार भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं. १९६९ साली स्थापन झालेली ही दिल्लीची परिषद मोठे आणि लघु असे दोन्ही प्रकल्प देते. इथे पैसा संस्थेमार्फत येतो. म्हणजे विद्यापीठ, महाविद्यालय किंवा मान्यताप्राप्त संशोधन संस्था तुमच्या पाठीशी लागते. शाळेत शिकवणारे शिक्षक किंवा शाळेचे ग्रंथपाल एकटे अर्ज करू पाहतात आणि पात्रतेच्या अटीवर अडतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र विभागातल्या प्राध्यापकांना प्रमुख संशोधक करून स्वतः सह-संशोधक व्हा. शाळांची ओळख तुमच्याकडे आहे, पात्रता त्यांच्याकडे.

पीएच.डी. करणाऱ्यांसाठी प्रकल्पापेक्षा शिष्यवृत्ती सोपी. गुजरात सरकारच्या ‘शोध’ योजनेत पूर्णवेळ संशोधकाला महिना १५,००० रुपये आणि इतर खर्चासाठी वर्षाला २०,००० असे दोन वर्षांचे मिळून ४ लाख मिळतात. ग्रंथालय व माहितीशास्त्र हा यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचाही विषय आहे, आणि तिच्यातून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये.

कोलकात्याचं राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशन (स्थापना १९७२) पुष्कळांना आधी आठवतं. त्याचा मुख्य रोख सार्वजनिक ग्रंथालयांवर आहे. शाळेऐवजी सार्वजनिक वाचनालयातला बालविभाग तुमचा विषय असेल तर तिथे बघा, नाहीतर वेळ घालवू नका.

सीएसआरचं गणित वेगळं आहे. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एक असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो. बडोद्याजवळच्या कोयली, बाजवा, नंदेसरी पट्ट्यातच किती मोठे कारखाने आहेत! हा पैसा कशावर खर्चता येतो ते सांगणाऱ्या, त्याच कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये शिक्षण आहे, सार्वजनिक ग्रंथालयंही आहेत. पण संशोधन म्हणून जी नोंद आहे ती विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांच्यासाठी. समाजविज्ञानाला तिचा उपयोग नाही. म्हणून शुद्ध संशोधन मागू नका. शाळांमध्ये काम होणारा शिक्षण-प्रकल्प मागा आणि मोजमाप त्याचाच भाग म्हणून बसवा. पैसा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे १२ए आणि ८०जी (प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्याची नोंदणी) क्रमांक लागतो, शिवाय तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. आणखी एक वाट आहे. ज्या कंपनीवरची सरासरी सीएसआर जबाबदारी १० कोटी किंवा जास्त आहे, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पाचं परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. कंपनीनं शाळांना आधीच ग्रंथालयं दिली असतील, तर ते मूल्यमापन तुम्ही मागून घेऊ शकता.

परदेशी संस्थेचा निधी घेण्याआधी सीए गाठा. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसताना आलेली छोटी रक्कमही अडचणीत आणते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेनं दुसरीकडे वळवताही येत नाही, म्हणून ‘त्यांच्या खात्यावर घेऊ, मग आपल्याला देतील’ हा मार्ग बंद समजा.

शाळा किती, मुलं किती

इथेच सगळ्यात जास्त प्रस्ताव पडतात. ‘५ शाळांतली ४८० मुलं’ असं लिहिलं की आकडा भारदस्त दिसतो, पण एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. शिक्षक तेच, कपाट तेच, किल्लीही त्याच माणसाकडे. हे सारखेपण (० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे तंतोतंत) ०.१५ धरलं, तर प्रभावी नमुना काढायची रीत अशी : एका शाळेतली मुलं वजा एक, गुणिले ०.१५, अधिक १. जे येईल त्यानं एकूण मुलांना भागा. पाच शाळांत प्रत्येकी ९६ मुलं घेतली तर भाजक १५.२५ येतो आणि ४८० मुलांची किंमत जेमतेम ३१ मुलांइतकी उरते. त्याच ४८० मुलांना २४ शाळांत, प्रत्येकी २० अशी, विखुरलीत तर भाजक ३.८५ आणि किंमत जवळजवळ १२५. मेहनत थोडीच वाढते. म्हणून शाळा वाढवा, शाळेमागची मुलं कमी करा आणि हे गणित प्रस्तावात उघड मांडा.

पुढचा आराखडा याच हिशेबाचा आहे : २४ शाळा, १२ शहरातल्या, १२ पादरा आणि डभोई तालुक्यांतल्या. निम्म्या शाळांत यंदा वाचन-तास सुरू होतो, उरलेल्यांत पुढच्या वर्षी. कोणत्या शाळेत आधी, हे चिठ्ठी टाकून ठरवा. मुख्याध्यापकांच्या उत्साहावर निवड केलीत तर निकालात त्यांचा उत्साहच मोजला जाईल.

मोजायचं कसं

मुलांना ‘तुला वाचायला आवडतं का?’ विचारलं तर सगळी हो म्हणतात. कपाट मात्र काय घडलं ते सांगतं. शाळेत गेल्यावर दाखलनोंदवही, म्हणजे आलेल्या पुस्तकांची क्रमवार वही, मागा. ६०० पुस्तकं असतील तर प्रत्येक विसावा क्रमांक उतरवून घ्या. तीस पुस्तकं होतील. मग कपाट उघडायला सांगा आणि घड्याळ लावा. किल्ली यायला लागलेली मिनिटं ही पहिली नोंद. तीसपैकी किती सापडली, ही दुसरी. सापडलेलं प्रत्येक पुस्तक हातात घ्या : कणा ताठ आणि पानं एकमेकांना चिकटलेली आहेत, की कोपरे मऊ झालेत? मागच्या तारीखचिठ्ठीवर गेल्या बारा महिन्यांतला शिक्का आहे का? ही तिसरी. या तीन आकड्यांवर कुणाच्या मताचा रंग चढत नाही.

देवघेवीची वही चाळताना हस्ताक्षर बघा. एकाच तारखेला, एकाच शाईनं, हजेरीच्या क्रमानं तीस नावं ओळीत आलेली दिसली तर ती देवघेव नव्हे, तपासणीची तयारी. अशा नोंदी वेगळ्या मोजण्याचा नियम आधीच ठरवून प्रस्तावात लिहा. नंतर ठरवलात तर सोयीनं ठरवल्यासारखं दिसतं.

वाचनाच्या चाचणीत ‘असर’चं साधन पुष्कळजण उचलतात, कारण ते गुजराती-मराठी दोन्हींत आहे. अक्षर, शब्द, परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, इथवर ते उत्तम. पण सहावीतलं मूल जुलैमध्येच गोष्ट सरळ वाचत असेल, तर फेब्रुवारीत त्याची प्रगती त्या साधनात दिसणारच नाही. वरच्या पातळीचा एक अनोळखी उतारा आणि त्यावरचे पाचसहा प्रश्न जोडा, आणि चाचणी आधी बाहेरच्या दोन शाळांत वापरून बघा.

परवानगी आणि वेळापत्रक

महापालिकेच्या शाळांसाठी नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शासनाधिकाऱ्यांकडे, तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांसाठी जिल्हा प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि माध्यमिकसाठी जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. तीन कार्यालयं, तीन अर्ज. अर्ज गुजरातीत करा, एका पानात बसवा, शाळांची यादी यूडायस क्रमांकासह जोडा आणि शिक्षकाचा किती वेळ जाणार ते मिनिटांत लिहा. ‘सहकार्य अपेक्षित आहे’ या वाक्यानं फाइल थांबते. ‘चार भेटी, प्रत्येकी ४५ मिनिटं, अध्यापनाचा तास घेणार नाही’ या वाक्यानं ती पुढे सरकते. अनुदान मंजूर व्हायच्या आधीच निदान तत्त्वतः संमतीचं पत्र घ्या. प्रस्तावाला ते जोडलेलं असलं की वजन वाढतं.

पालकांची लेखी संमती घ्या, गुजराती आणि मराठी दोन्हींत छापलेली. मुलालाही विचारा आणि ‘नको’ म्हणण्याची मुभा द्या. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी अनेक ठिकाणी मागतात. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी.

वर्षाची आखणी शाळेच्या पंचांगानं करा. जूनमध्ये प्रवेश आणि पाठ्यपुस्तकं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षा, नवरात्र, दिवाळीची सुट्टी, फेब्रुवारीच्या शेवटापासून बोर्डाच्या परीक्षांची गडबड. कामाचे महिने उरतात जुलै ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. पहिली चाचणी जुलैत, मधल्या दोन भेटी सप्टेंबर आणि डिसेंबरात, शेवटची चाचणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. अनुदान मात्र तुमच्या पंचांगानं येत नाही. पैसे नोव्हेंबरात आले आणि तुम्ही ‘पहिल्या महिन्यात पहिली चाचणी’ लिहून बसलात तर अख्खा अभ्यास कोसळतो. म्हणून प्रस्तावात एक ओळ घाला : क्षेत्रकार्य मंजुरीनंतरच्या पहिल्या जुलैत सुरू होईल; तोवर साधनं तयार करणं, परवानग्या आणि पूर्वचाचणी.

अंदाजपत्रक

वरच्या २४ शाळांचा हिशेब असा बसतो. दर बडोद्याच्या अंदाजानं धरलेत, तुम्ही आपले कोटेशन घेऊन बदला.

संशोधन साहाय्यक १, ६ महिने, महिना १८,००० : १,०८,०००
चाचणीच्या दिवसांसाठी दुसरा माणूस, ४८ दिवस, रोज ९०० : ४३,२००
प्रवास, शहरात ७२ फेऱ्या १२० दरानं : ८,६४०
प्रवास, तालुक्यांत ७२ फेऱ्या ३५० दरानं : २५,२००
छपाई, ४८० मुलं, २ वेळा, ६ पानं, पानाला २ रुपये : ११,५२०
चाचणी-साधनांचं भाषांतर आणि उलट भाषांतर करून तपासणी : ८,०००
संगणकात नोंद, ९६० उत्तरपत्रिका, प्रत्येकी १५ : १४,४००
दोन दिवसांचं प्रशिक्षण : ६,०००
निष्कर्ष सांगण्याची बैठक, ४८ शिक्षक, प्रत्येकी २०० : ९,६००
अहवालाच्या ३० प्रती, प्रत्येकी २५० : ७,५००
लेखापरीक्षण : १०,०००
किरकोळ : १५,०००

बेरीज २,६७,०६०. त्यावर संस्थेचा ५ टक्के ओव्हरहेड (व्यवस्थापन खर्च) १३,३५३ धरला तर एकूण २,८०,४१३ रुपये.

दोघांना सहा महिने ठेवण्याचा मोह होतो. तसं केलं तर पगार २,१६,००० होतात आणि, रोजंदारीचा माणूस वगळूनही, बेरजेच्या साठ टक्क्यांवर जातात. पगारावर टक्केवारीची मर्यादा घालणारे अनुदानदाते बरेच आहेत. दुसऱ्या माणसाची गरज फक्त दोन चाचण्यांच्या वेळी असते. त्याला दिवसाच्या हिशेबानं क्षेत्रकार्यात दाखवलं की पगाराचा वाटा चाळीस टक्क्यांवर येतो आणि ते खरंही असतं. साहाय्यकाचा करार जुलै-सप्टेंबर आणि डिसेंबर-फेब्रुवारी अशा दोन तुकड्यांत लिहा. लॅपटॉप, कॅमेरा मागू नका, संस्थेत असतो. पुस्तकं विकत घेण्याचा खर्च संशोधनाच्या मागणीत घातलात तर परीक्षकाला वाटतं, तुम्हाला ग्रंथालय हवंय आणि संशोधन हे निमित्त आहे.

प्रत्येक आकड्यापुढे गुणाकार दिसू द्या. ‘प्रवास : ३५,०००’ एवढंच लिहिलं की कापतात. ७२ फेऱ्या गुणिले ३५० लिहिलं की कापायला कारण शोधावं लागतं.

पैसे आल्यावर

केंद्राच्या अनुदानासाठी संस्थेची पीएफएमएस (सरकारी निधीचा हिशेब ठेवणारी प्रणाली) नोंदणी लागते, स्वयंसेवी संस्था असेल तर नीती आयोगाच्या नोंदणीचा दर्पण क्रमांकही. वेगळं खातं किंवा निदान वेगळी खातेवही ठेवा. जीएफआर २०१७ (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) प्रमाणे उपयोगिता प्रमाणपत्र १२-अ नमुन्यात द्यावं लागतं आणि पडून असलेल्या रकमेवरचं व्याज परत करावं लागतं. पुष्कळजण व्याज किरकोळ खर्चात वापरून टाकतात आणि शेवटी खिशातून भरतात. खर्चाच्या एका शीर्षकातून दुसऱ्यात पैसे हलवायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. रिक्षाचं बिल मिळत नाही, तेव्हा तारीख, शाळा, अंतर आणि सही असलेली भेटवही पहिल्या दिवसापासून भरा. लेखापरीक्षक तीच मागतो.

मधेच शिक्षकाची बदली होते, निवडणुकीचं काम लागतं, वाचन-तास दोन महिने बंद पडतो. हे लपवू नका. प्रत्येक भेटीत ‘गेल्या चार आठवड्यांत तास किती वेळा झाला’ हे मुलांच्या वहीतून उतरवा आणि विश्लेषणात वापरा. बारापैकी सात शाळांतच तास टिकला, हाही निष्कर्षच आहे, आणि तो शाळेतल्या माणसांना उपयोगी पडणारा.

शेवटचा हप्ता अंतिम अहवाल स्वीकारल्यावर येतो. तोवरचा खर्च संस्था उचलेल का, हे सुरुवातीलाच लेखाविभागाशी बोलून घ्या. अहवाल दिल्लीला पाठवायच्या आधी २४ शाळांना प्रत्येकी एक पान गुजरातीत द्या : किल्लीची मिनिटं, तीसपैकी सापडलेली पुस्तकं, वर्षभरात शिक्का पडलेली पुस्तकं, शेजारी बाकीच्या शाळांची सरासरी. दुसऱ्या कुठल्याही शाळेचं नाव त्यावर नको.